स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे : सबव्हॉल्यूम आणि ‘कॉपी ऑन राइट’ फाईल सिस्टीमची ओळख

जबलपूर - मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय, राणी दुर्गावती विश्वविद्यालय आणि संरक्षण साहित्याचे जुने कारखाने असलेल्या जबलपूरला दप्तरांचे शहर म्हटल्यास वावगे ठरू नये. एकेकाळी लाल कापडात बांधून फडताळात ठेवली जाणारी ही दप्तरे आता मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या डिस्कवर गेली आहेत. कापडातील कागद चुकून पुसला जात नसे. डिस्कवरील फाईल मात्र एका चुकीच्या आज्ञेने नाहीशी होते. ती परत मिळवण्याची एक सोय म्हणजे ‘स्नॅपशॉट’. लिनक्सवर चालणाऱ्या अनेक संगणकांत आणि लहान कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या नेटवर्क साठवण यंत्रांत ही सोय उपलब्ध आहे. मात्र ती कशापासून संरक्षण देते आणि कशापासून देत नाही, याविषयी जाणत्या वापरकर्त्यांमध्येही गैरसमज आढळतो. हा गैरसमज महागात पडू शकतो, म्हणून ही व्यवस्था मुळापासून समजून घेणे आवश्यक आहे.

जुने न पुसता नवे लिहिणे

डिस्कवरील माहिती ब्लॉक नावाच्या लहान तुकड्यांत साठवली जाते. कोणत्या फाईलचे तुकडे कोठे आहेत, याचा हिशेब ठेवण्याचे काम फाईल सिस्टीम करते. पारंपरिक पद्धतीत फाईलमध्ये बदल केला की त्याच जागी जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहिला जातो. लिहीत असतानाच वीज गेली, तर अर्धा जुना आणि अर्धा नवा असा मजकूर शिल्लक राहण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी अनेक फाईल सिस्टीम होणाऱ्या बदलांची आधी एका रोजनाम्यात नोंद करतात. तरीही जुना मजकूर नष्ट होतो, तो होतोच.

‘कॉपी ऑन राइट’ पद्धतीत जुन्या ब्लॉकला हात लावला जात नाही. बदललेला मजकूर डिस्कवरील दुसऱ्या मोकळ्या जागी लिहिला जातो आणि मग हिशेबातील निर्देश नव्या जागेकडे वळवला जातो. महाराष्ट्रातील वाचकांना याची कल्पना सातबाऱ्यावरून सहज येईल. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी जुन्या खातेदाराचे नाव खोडून टाकत नाही. फेरफार नोंदवहीत नवी नोंद होते, जुन्या नावाला कंस पडतो आणि नव्या नावापुढे फेरफार क्रमांक येतो. संगणकात फरक इतकाच, की जुन्या नोंदीवर कोणाचाही हक्क उरला नाही तर तिची जागा यथावकाश मोकळी करण्यात येते. हक्क उरला असेल, तर ती जागच्या जागी राहते. स्नॅपशॉटची सर्व किमया या एका वाक्यात आहे.

हा हिशेब झाडासारख्या रचनेत ठेवलेला असतो. मुळाशी एक नोंद, तिच्यातून फांद्या आणि टोकाला प्रत्यक्ष मजकुराचे ब्लॉक. टोकाचा एक ब्लॉक बदलला की त्याच्याकडे बोट दाखवणारी फांदी बदलावी लागते. फांदीही जागच्या जागी बदलता येत नसल्याने तीही नव्या जागी लिहिली जाते, आणि असे करत मुळापर्यंत नवी वाट तयार होते. झाडाचा उरलेला भाग मात्र जुनाच राहतो. नवे मूळ तयार झाल्यावर शेवटी सुपरब्लॉक नावाच्या ठरावीक जागेवरील नोंद बदलण्यात येते. त्यापूर्वी वीज गेली तर जुने झाड शाबूत असते, नंतर गेली तर नवे.

पूर्वपीठिका

ही कल्पना नवी नाही. नेटॲप या कंपनीचे डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकल माल्कम यांनी १९९४ मध्ये आपल्या ‘वॅफल’ या फाईल सिस्टीमविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यात स्नॅपशॉटचे तंत्र सविस्तर मांडलेले आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने ‘झेडएफएस’ ही फाईल सिस्टीम २००५ मध्ये खुल्या स्वरूपात उपलब्ध करून दिली. परवान्यातील अडचणींमुळे तिला लिनक्सच्या मूळ गाभ्यात स्थान मिळाले नाही. त्याच सुमारास आयबीएमचे संशोधक ओहाद रोदे यांनी कॉपी ऑन राइटला साजेशा बी-ट्री रचनेची मांडणी केली. तिच्या आधारे ओरॅकल कंपनीतील ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये ‘बीटीआरएफएस’ या फाईल सिस्टीमचे काम सुरू केले. २००९ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. सुसे कंपनीच्या लिनक्स एंटरप्राइज १२ या आवृत्तीने २०१४ मध्ये मूळ विभागासाठी तिचा स्वीकार केला आणि फेडोराच्या डेस्कटॉप आवृत्तीने २०२० मध्ये. याउलट रेड हॅटने २०१७ मध्ये तिचा पाठिंबा मागे घेण्याचे जाहीर केले.

या इतिहासात पुण्याचाही एक धागा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. झेडएफएस लिनक्सवर आणण्याचे काम अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झाले होते. परंतु नेहमीच्या फायली आणि फोल्डर वापरता येण्यासाठी लागणारा वरचा थर त्यात नव्हता. पुण्यातील केक्यू इन्फोटेक या छोट्या कंपनीने २०१० मध्ये तो थर जोडून चालणारी आवृत्ती लोकांपुढे ठेवली. पुढील वर्षी एसटेक या अमेरिकी कंपनीने केक्यू इन्फोटेक विकत घेतली.

पुढील विवेचन मुख्यतः बीटीआरएफएसला धरून आहे, कारण सबव्हॉल्यूम हा शब्द तिथलाच. झेडएफएसमध्ये साधारण त्याच अर्थी ‘डेटासेट’ हा शब्द वापरतात.

सबव्हॉल्यूम : फोल्डरसारखे दिसणारे स्वतंत्र झाड

पूर्वी एका डिस्कचे भाग पाडायचे तर आधीच आकार ठरवून विभाजन करावे लागे. प्रणालीसाठी इतके, वापरकर्त्यांच्या फायलींसाठी इतके. एक भाग भरला आणि दुसरा अर्धा रिकामा राहिला, तरी ती जागा सहजी वापरता येत नसे. सबव्हॉल्यूमच्या बाबतीत ही भिंत नसते. सर्व सबव्हॉल्यूम एकाच सामाईक साठ्यातून लागेल तशी जागा घेतात. एकत्र कुटुंबात कोठार एक आणि चुली वेगळ्या असाव्यात, तसा हा प्रकार आहे.

वरवर पाहता सबव्हॉल्यूम साध्या फोल्डरसारखेच दिसते. त्यात जाता येते, फायली ठेवता येतात. आत मात्र त्याचे स्वतःचे मूळ असलेले वेगळे झाड असते. म्हणून त्याला स्वतंत्रपणे जोडता येते, स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि मुख्य म्हणजे स्वतंत्रपणे त्याचा स्नॅपशॉट घेता येतो. फाईल सिस्टीम तयार होताच सर्वांत वरचे सबव्हॉल्यूम आपोआप निर्माण होते. त्याचा क्रमांक ५ असतो. वापरकर्त्याने निर्माण केलेल्या सबव्हॉल्यूमचे क्रमांक २५६ पासून पुढे चालतात. एका सबव्हॉल्यूममधील फाईलला दुसऱ्यातून हार्ड लिंक देता येत नाही, यावरूनही त्यांच्यातील सीमारेषा खरी असल्याचे दिसून येते.

कोणत्या गोष्टींसाठी वेगळे सबव्हॉल्यूम करावे, हा निर्णय मात्र तांत्रिक नसून कामकाजाचा आहे. कसोटी एकच : ज्या गोष्टी एकत्र मागे न्यायच्या आहेत, त्या एकत्र ठेवाव्यात. प्रणालीत बिघाड झाला म्हणून ती कालच्या स्थितीत नेली आणि तिच्याबरोबर आज टंकलेली कागदपत्रेही कालच्या स्थितीत गेली, तर उपायच अपाय ठरेल. त्यामुळे प्रणाली एका सबव्हॉल्यूममध्ये, वापरकर्त्यांच्या फायली दुसऱ्यात आणि सतत बदलणाऱ्या नोंदी तिसऱ्यात, अशी मांडणी अनेक लिनक्स वितरणे स्वतःच करून देतात. उबुंटूच्या धर्तीवरील मांडणीत ‘@’ आणि ‘@होम’ अशी दोन नावे दिसतात, ती याच कारणाने.

येथे एक खाचखळगा आहे. एका सबव्हॉल्यूमच्या पोटात दुसरे सबव्हॉल्यूम असेल, तर बाहेरच्याचा स्नॅपशॉट घेताना आतले त्यात येत नाही. स्नॅपशॉटमध्ये त्या ठिकाणी फक्त रिकामे फोल्डर दिसते. काही जणांना हे प्रसंग ओढवल्यावरच कळते.

स्नॅपशॉट घेताना नेमके काय होते

उच्च न्यायालयाच्या परिसरातील एखाद्या वकिलाच्या कार्यालयाचे कल्पित उदाहरण घेऊ. संगणकात ‘प्रकरणे’ नावाचे सबव्हॉल्यूम आहे आणि त्यात २०० जीबी इतकी कागदपत्रे आहेत : याचिका, शपथपत्रे आणि जुन्या निवाड्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती. सायंकाळी सहा वाजता त्याचा स्नॅपशॉट घेतला. काम क्षणार्धात झाले आणि डिस्कवर जागा गेली ती अवघी काही केबी. याचे कारण, २०० जीबी मजकुराची नक्कल झालेलीच नाही. झाडाचे फक्त मूळ नव्याने लिहिले गेले. त्याच्या फांद्या त्याच जुन्या फांद्या. प्रत्येक फांदीच्या नोंदीत ‘तुझ्यावर आता दोघांचा हक्क आहे’ एवढी भर पडली.

साडेसहा वाजता कोणी एका याचिकेत दुरुस्ती केली. कॉपी ऑन राइटच्या नियमानुसार नवा मजकूर नव्या जागी लिहिला गेला. ‘प्रकरणे’चे झाड आता तिकडे बोट दाखवते, स्नॅपशॉटचे झाड जुन्या जागेकडेच. दुरुस्तीचा आकार जितका, तितकीच जास्तीची जागा लागते. हे अर्थातच तत्त्वतः. प्रत्यक्षात शब्दप्रक्रिया करणारी बहुतेक सॉफ्टवेअर जतन करताना संपूर्ण फाईल नव्याने लिहितात. त्यामुळे दोन एमबीच्या याचिकेत एक स्वल्पविराम बदलला तरी दोन एमबी जागा जाऊ शकते.

बीटीआरएफएसमधील स्नॅपशॉट हे स्वतःच एक सबव्हॉल्यूम असते. मूळ आणि प्रत यांच्यात थोरला-धाकटा असा भेद नाही. मूळ सबव्हॉल्यूम पुसून टाकले तरी स्नॅपशॉट अबाधित राहतो. तो केवळ वाचता येण्याजोगा घेता येतो किंवा लिहिता येण्याजोगा. झेडएफएसमध्ये हे वेगळे आहे. तेथे स्नॅपशॉट नेहमी केवळ वाचण्यापुरता असतो. लिहायचे असल्यास त्याचा ‘क्लोन’ करावा लागतो आणि तो क्लोन आपल्या मूळ स्नॅपशॉटवर अवलंबून राहतो.

लिहिता येण्याजोग्या स्नॅपशॉटची कल्पना जबलपूरच्याच इतिहासावरून करता येईल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर येथील उच्च न्यायालय मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय झाले आणि त्याचे मुख्य पीठ जबलपूरला आले. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. त्या दिवसापर्यंतचा न्यायालयीन इतिहास दोन्ही शहरांचा सामाईक आहे. त्यानंतर जबलपूरने दिलेला निवाडा नागपूरच्या दप्तरात आपोआप उमटत नाही आणि नागपूरचा जबलपूरच्या. सामाईक भूतकाळ आणि स्वतंत्र वर्तमान, हेच स्नॅपशॉटचे लक्षण होय.

आणखी एक बाब. एका सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट एकाच क्षणाचा असतो, मात्र बीटीआरएफएसमध्ये दोन सबव्हॉल्यूमचे स्नॅपशॉट एका क्षणाचे असतीलच असे नाही. प्रकरणांची सूची एका ठिकाणी आणि कागदपत्रे दुसऱ्या ठिकाणी असतील, तर सूचीत नोंद आहे पण कागद नाही, अशी विसंगती संभवते. चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे तर ऐन कामात वीज गेल्यावर दिसणारी स्थिती. चांगला डेटाबेस तेथून सावरतो; तरीही स्नॅपशॉटपूर्वी तो क्षणभर थांबवणे अधिक सुरक्षित मानले जाते.

जागा गेली कोठे?

वापरकर्त्यांना सर्वाधिक गोंधळात टाकणारा प्रश्न हाच आहे. वरील कार्यालयात डिस्क भरत आली म्हणून ५० जीबीच्या जुन्या स्कॅन प्रती पुसण्यात आल्या आणि मोकळी जागा मात्र होती तेवढीच राहिली. यात बिघाड काही नाही. ‘प्रकरणे’च्या झाडातून त्या फायली गेल्या, पण स्नॅपशॉटचा त्यांच्यावरील हक्क कायम आहे. तसे दहा स्नॅपशॉट असतील, तर दहाही पुसले जाईपर्यंत ती जागा सुटणार नाही. शेवटचा स्नॅपशॉट पुसल्यावरही ती लगेच दिसत नाही. झाड उलगडून हक्क काढून टाकण्याचे काम पार्श्वभूमीवर सावकाश चालते.

म्हणूनच ‘या स्नॅपशॉटने किती जागा व्यापली आहे’ या प्रश्नाला एक उत्तर नसते. त्याच्या नजरेला दिसणारी सर्व माहिती हा एक आकडा, आणि तो पुसल्यास प्रत्यक्ष सुटणारी, म्हणजे केवळ त्याच्याच हक्काची माहिती, हा दुसरा. फाईल सिस्टीम कोटा गटांच्या साहाय्याने हे दोन्ही आकडे देऊ शकते. मात्र शेकडो स्नॅपशॉट असतील तर या हिशेबाचा भार यंत्रावर पडतो.

डिस्क काठोकाठ भरू देणे तर येथे विशेष धोक्याचे आहे. कॉपी ऑन राइटमध्ये फाईल पुसणे हादेखील एक बदलच असतो आणि बदल नव्या जागी लिहावा लागतो. जागा करण्यासाठी जागा हवी, अशी ही अवस्था आहे. फाईल सिस्टीम अशा प्रसंगासाठी थोडी जागा राखून ठेवते, पण तिच्या भरवशावर राहू नये.

या पद्धतीचा आणखी एक परिणाम म्हणजे फायली विखुरल्या जाणे. मोठ्या डेटाबेससारखी फाईल मधूनमधून सतत बदलत राहिली की तिचे हजारो तुकडे डिस्कभर पसरतात. अशा फायलींसाठी कॉपी ऑन राइट बंद ठेवण्याची सोय आहे, पण मग त्यांच्या मजकुराची चेकसम पडताळणीही बंद होते. आणि तुकडे एकत्र करण्याची आज्ञा दिली, तर स्नॅपशॉटशी असलेला सामाईकपणा तुटून जागेचा वापर एकदम वाढू शकतो. एकूण, घेतलेला स्नॅपशॉट फुकट असतो, सांभाळलेला नसतो.

मागे फिरणे

एखादीच फाईल हवी असेल, तर स्नॅपशॉटच्या फोल्डरमध्ये जाऊन ती नेहमीप्रमाणे नकलून घ्यावी. त्यासाठी वेगळी विद्या लागत नाही. संपूर्ण सबव्हॉल्यूम मागे न्यायचे असल्यास बिघडलेल्याचे नाव बदलून ते बाजूला ठेवतात आणि चांगल्या स्नॅपशॉटवरून लिहिता येण्याजोगा नवा स्नॅपशॉट मूळ नावाने घेतात. बिघडलेले लगेच पुसू नये, हा अनुभवाचा सल्ला. त्यात आज सकाळची एखादी फाईल असू शकते. सुसेने विकसित केलेले ‘स्नॅपर’ हे साधन नवे सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर आपोआप स्नॅपशॉट घेते, ठरावीक वेळाने नियमित स्नॅपशॉट घेऊ शकते आणि जुने काढूनही टाकते.

पुसलेले परत येते, याला दुसरी बाजूही आहे. पक्षकाराच्या मागणीवरून त्याची कागदपत्रे काढून टाकली, तरी स्नॅपशॉट असेपर्यंत ती वाचता येतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती पुसून घेण्याचा अधिकार मान्य केला आहे. तेव्हा स्नॅपशॉट किती काळ ठेवायचे, हा आता केवळ जागेचा प्रश्न राहिलेला नाही.

तीच डिस्क, तीच खोली

२२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूरला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. त्यात तीसहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि हजारो घरांचे नुकसान झाले. मनुष्यहानीपुढे कागदपत्रांचे नुकसान गौणच. पण स्नॅपशॉटच्या मर्यादेचा विचार करताना तो प्रसंग डोळ्यांसमोर आणणे उपयुक्त आहे. कपाटावरून पडून डिस्क निकामी झाली, तर तिच्यावरील शंभर स्नॅपशॉट तिच्याबरोबर जातात. पूर, आग, चोरी आणि विजेचा अतिरिक्त दाब यांनाही हेच लागू आहे.

इतक्या टोकाला जाण्याचीही गरज नाही. स्नॅपशॉट कितीही असले, तरी न बदललेल्या ब्लॉकची डिस्कवर प्रत एकच असते. तो ब्लॉक खराब झाला की सर्व स्नॅपशॉटमधील ती फाईल एकाच वेळी खराब होते. चेकसममुळे हे लक्षात येते, पण दुसरी प्रत नसेल तर दुरुस्ती होऊ शकत नाही. दोन डिस्कवर प्रत्येक ब्लॉकच्या दोन प्रती ठेवल्यास यावर उपाय होतो. भूकंपावर होत नाही, कारण दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतात. शिवाय संगणकाचे सर्वाधिकार ज्याच्या हाती गेले, त्याला स्नॅपशॉट पुसताही येतात. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारे हल्लेखोर स्नॅपशॉटची दखल घेणार नाहीत, असे समजण्याचे कारण नाही.

खरा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर आणि शक्यतो दुसऱ्या गावात असावा लागतो. त्या कामी मात्र स्नॅपशॉट उत्तम साहाय्य करतो. बीटीआरएफएसमध्ये केवळ वाचण्याजोगा स्नॅपशॉट ‘सेंड’ या आज्ञेने प्रवाहाच्या रूपात दुसऱ्या यंत्राकडे पाठवता येतो आणि तेथे ‘रिसीव्ह’ या आज्ञेने त्याची पुन्हा उभारणी होते. जबलपूरच्या त्या कल्पित कार्यालयाने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या नागपुरात दुसरे यंत्र ठेवले, असे मानू. पहिल्या वेळी पूर्ण २०० जीबी जातील; त्यासाठी डिस्कच बसने नेणे कदाचित सोपे पडेल. त्यानंतर रोज कालचा आणि आजचा स्नॅपशॉट यांच्यातील फरक तेवढा जाईल. दोन झाडांची तुलना करून न बदललेल्या फांद्या वगळता येत असल्याने हा फरक शोधण्यासाठी सर्व फायली चाळाव्या लागत नाहीत. अट एक : कालचा स्नॅपशॉट दोन्ही ठिकाणी शिल्लक असला पाहिजे. जागा वाचवण्याच्या भरात जबलपूरला तो पुसला गेला, तर पुढच्या फेरीत फरक काढण्यासाठी आधारच उरत नाही आणि पुन्हा पूर्ण साठा पाठवावा लागतो.

नागपुरात पोहोचलेला स्नॅपशॉट तेथेही केवळ वाचण्याजोगाच असतो आणि त्याची ती खूण काढू नये; काढून लिहिल्यास पुढील फरक त्यावर बिनचूक बसण्याची खात्री राहत नाही. तेथे प्रत्यक्ष काम सुरू करण्याची वेळ आली, तर त्या प्रतीवरून लिहिता येण्याजोगा वेगळा स्नॅपशॉट घ्यावा आणि त्यात काम करावे.